अर्धा लिटर पाणी

मी शिक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी उपदेशाचे डोस पाजतोय असं कुणी म्हणायला नको. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. काचसामान धुणं, द्रावणं बनवणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि पोरांनी काही फोडलं की त्यांच्या नावानं शंख करणं, ही माझी कामं. सव्वीस वर्षं केली. तेवढ्यात प्राचार्य चार बदलले, विभागाचे सर पाच-सहा आले नि गेले, मामा मात्र एकच. हो, मामा. सगळी पोरं मला मामाच म्हणायची आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. सख्खा भाचा एकच, तोही काम असल्याशिवाय तोंड न दाखवणारा. इथं दर वर्षी चाळीस नवे मिळायचे.

परीक्षेला प्रयोग एकच असायचा. उभी, आकडे कोरलेली काचेची नळी असते, तिला खाली तोटी, तिला ब्युरेट म्हणतात. तिच्यात सोड्याचं द्रावण भरायचं. खाली फ्लास्कमध्ये मोजून दहा मिली आम्ल घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि मग वरून सोडा थेंब थेंब सोडत राहायचं. आम्लाचा जोर पुरता संपला की एका थेंबासरशी फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी होतं. तिथं थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. असं तीन वेळा. एक थेंब जास्त पडला की रंग भडक होतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून. नीट केलं तर तास-दीड तासाचं काम आहे, आणि मान मोडते.

आता चाळीस पोरांना एवढा धीर कुठून आणायचा? द्रावणं मीच बनवायचो, आदल्या दिवशी मीच तपासून घ्यायचो, म्हणजे आकडा काय येणार ते मला पाठच असायचं. परीक्षेच्या दिवशी मी फडकं खांद्यावर टाकून टेबलांमधून फिरायचो आणि जाता जाता पुटपुटायचो, "पहिला दहा पाच लिहा, मग दहा चार, दहा चार. आणि सगळ्यांनी सारखं लिहू नका रे गाढवांनो, एखाद्यानं दहा तीनही लिहा!" दहा चार म्हणजे दहा दशांश चार मिली. पोरं खाली मान घालून हसायची. सर तेवढा वेळ खिडकीबाहेर झाडं बघायचे. बाहेरून परीक्षक यायचे त्यांनाही ठाऊक असायचं, कारण त्यांच्या कॉलेजातही एक मामा होताच की. अळीमिळी गुपचिळी. निकाल दर वर्षी शंभर टक्के. मला वाटायचं, पोरांचं भलं होतंय, यात माझ्या बापाचं काय जातं?

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. बाकीचे तिला थेंबेबाई म्हणायचे. आडनाव नव्हे ते, चिडवण्याचं नाव. वर्षभर तासाला सगळ्यांचं आवरून झालं तरी ही आपली ब्युरेटपुढे वाकलेली. तोटी अशी फिरवायची की अर्धा थेंब तोटीच्या टोकाला लोंबकळत राहायचा, मग तो फ्लास्कच्या काठाला टेकवून आत घ्यायची. मी कुलूप हातात घेऊन दारात उभा असायचो. "अगं बाई, घरी माणसं वाट बघत असतील माझी," असं ओरडायचो. ती म्हणायची, "दोनच मिनिटं, मामा." तिची दोन मिनिटं म्हणजे वीस. पण एक सांगतो, माझ्या सव्वीस वर्षांत तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. माझाही तसा नव्हता. एकदा मुद्दाम मी तिला न सांगता वेगळं द्रावण दिलं होतं, आणि तिनं दशांशाच्या दुसऱ्या आकड्यापर्यंत बिनचूक काढलं. त्या दिवशी मी तिला काही बोललो नाही, पण मनात म्हटलं, पोरगी मोठी होणार.

परीक्षेच्या महिनाभर आधी ती सरांना पत्र दाखवायला आली होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत तिला पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. तिथं पाण्याची, मातीची तपासणी शिकवतात. अट एकच, या वर्षी सगळे विषय सुटले पाहिजेत. सरांनी पाठ थोपटली. मला तिनं पत्र मुद्दाम वाचून दाखवलं, दोनदा. "मामा, तिथल्या ब्युरेटला म्हणे काच वेगळीच असते," असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "काच तीच असते, धुणारा वेगळा असतो." हसली.

परीक्षेचा दिवस. सकाळी वीस पोरं, दुपारी वीस. सोड्याचं द्रावण मी पाच लिटर करून ठेवलं होतं, दोन्ही तुकड्यांना पुरून उरेल इतकं. सकाळच्या तुकडीतल्या कुठल्याशा दिवट्यानं मोठ्या बाटलीची तोटी अर्धवट उघडी ठेवली. मी बाहेर काचा धूत होतो. आत आलो तेव्हा अर्धा लिटर मोरीतून वाहून गेलेलं. उरलं किती ते मोजलं, बरोबर दोन लिटर. वीस पोरांना अडीच तरी लागतात, कारण नळ्या खंगाळायलाही तेच द्रावण वापरावं लागतं.

नवीन करायला सोडा होता, पण कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांकडे. सर बाहेरच्या परीक्षकांना घेऊन जेवायला गेलेले. फोन करता आला असता. पण मग सांगावं लागलं असतं की मामांचं लक्ष नव्हतं आणि परीक्षेचं द्रावण वाहून गेलं. बाहेरच्या पाहुण्यासमोर शोभा. मी घड्याळाकडे बघितलं, पंधरा मिनिटं होती. मोजपात्रात अर्धा लिटर पाणी घेतलं आणि बाटलीत ओतलं. हलवलं. चिठ्ठी तशीच ठेवली.

द्रावण पातळ झालं, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलंच कळत होतं. चोवीस वर्षं काय भोपळे निवडत होतो? पण मनात आलं, मोजतंय कोण? आकडा मी सांगतो, पोरं लिहितात, बाटलीत काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं? साबणाचं पाणी भरलं असतं तरी आमच्याकडे दहा चारच आलं असतं.

थेंबेबाई दुपारच्या तुकडीत होती, हे मात्र मी साफ विसरलो. तीच माझी चूक. जिथं कुणी मोजत नाही तिथं एक जण मोजतं, हे डोक्यात राहायला हवं होतं.

दुपारी मी नेहमीसारखा फिरलो. दहा पाच, दहा चार, दहा चार. तिच्या टेबलाशी आलो तेव्हा पुटपुटायच्या आत ती म्हणाली, "मला नको, मामा." वर्षभर तिनं कधी घेतलं नव्हतं. मी पुढे गेलो, आणि दोन पावलांवर लक्षात आलं. परत मागे जाऊन म्हटलं, "बाळ, आज घे. ऐक माझं." तिनं मान हलवली. तोटीवरून बोट काढलं नाही.

तिचा पहिला आकडा आला तेरा. दुसराही तेरा. मी लांबून बघत होतो. तिनं ब्युरेट सोडवली, धुतली, पुन्हा भरली, पुन्हा केलं. तेरा. मग तिनं इकडेतिकडे बघितलं. शेजारच्याच्या कागदावर दहा चार, पलीकडच्याच्या दहा चार. दुसरा कुणी असता तर त्यानं खोडलं असतं. तिनं उभं राहून हात वर केला. "सर, माझं तेरा येतंय. द्रावणात काही फरक आहे का?"

सर खिडकीतून वळले. बाहेरचे परीक्षकही आले. मोठा करारी माणूस, चष्मा कपाळावर चढवायची सवय. त्यांनी तिचा कागद घेतला. "तिन्ही वेळा तेरा? अगदी तेरा? आणि बाकी सगळ्यांचं दहा चार?" मग सरांकडे वळून म्हणाले, "मागच्या वर्षीही परीक्षक मीच होतो. मागच्या वर्षीचं उत्तर तेराच होतं. मला चांगलं आठवतंय." तिला म्हणाले, "मुली, हात चुकला असता तर तीन आकडे तीन तऱ्हेचे आले असते. तीनही सारखे आणि तीनही चूक, याचा अर्थ कळतो ना तुला? कुणाच्या जुन्या वहीतून पाठ करून आलीस?"

असं कुणी आपल्याला म्हणू शकतं, हेच बिचारीला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः एकदा करून बघा. पाच मिनिटं लागतील. प्लीज."

बाहेरचे म्हणाले, "हे रास्त आहे." आणि आमच्या सरांनी मला हाक मारली. "मामा, तुम्ही करा. तुमचा हात बसलेला आहे."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी तिच्या टेबलावरचीच बाटली घेतली आणि खिडकीखालच्या ओट्याशी गेलो, सगळ्यांकडे पाठ करून. ब्युरेट भरली. आम्ल घेतलं, औषधाचे दोन थेंब टाकले. तोटी सोडली. दहा चारला थांबलो. फ्लास्कमध्ये पाणी पाण्यासारखंच. गुलाबी रंगाचा मागमूस नाही. तेव्हा वळून म्हणायला हवं होतं, सर, मी पाणी घातलंय, पोरीचं बरोबर आहे. एवढंच वाक्य होतं. ओठांवर आलंही होतं. पण त्याच्यामागोमाग दुसरं काय काय येईल ते दिसलं. मग विचारतील, बाकीच्यांचं दहा चार कसं आलं? कुणी सांगितलं? किती वर्षं सांगताय? नोकरीची दोन वर्षं राहिली होती.

"दहा चार," मी म्हणालो, आणि फ्लास्क मोरीत ओतून टाकला.

ती आपल्या जागेवरूनच म्हणाली, "मामा, मला रंग दिसला नाही."

आवाजात संशय नव्हता हो. तो असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच वाटत होतं की आपण लांब आहोत म्हणून दिसला नसेल. मी म्हटलं, "फिकट होता." चोवीस वर्षं पोरांना खोटे आकडे सांगत आलो, पण ब्युरेट हातात धरून, स्वतः बघून खोटं सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बाहेरच्यांनी तिच्या कागदावर लाल पेनानं काहीतरी लिहिलं आणि कागद वेगळ्या पाकिटात घातला. मी परीक्षा संपल्या संपल्या मोठी बाटली धुवायला घेतली. इतक्या तातडीनं मी आयुष्यात काही धुतलं नव्हतं.

चार दिवसांनी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी लागली. आदल्या दिवशी सर प्रयोगशाळेत आले, दार लोटून घेतलं. मला वाटलं ओरडणार. पण ते स्टुलावर बसले आणि फ्लास्क हातात घेऊन उगाच फिरवत राहिले. म्हणाले, "मामा, त्या दिवशी काही झालं होतं का?" मी फडकं उचलून ओटा पुसायला लागलो. ते म्हणाले, "नका सांगू. मला कळलं तर मला लिहावं लागेल. आणि तसं लिहिलं तर त्या एकीचा कागद नाही, बाकीच्या एकोणचाळीस जणांचे कागद उघडतील. सगळी पोरं अडकतील. आधी ते ध्यानात घ्या." वाईट माणूस नव्हता तो. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, ती कशी नीट समजावून द्यायची, हे त्याला चांगलं जमत होतं. आणि मला तर काय, निमित्तच हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, एकोणचाळीस पोरांसाठी गप्प बसतोय. मोठा आला पोरांचा कैवारी!

चौकशीत ती कागद घेऊन आली होती. रडेल असं वाटलं होतं, पण नाही. तिनं सरळ सांगितलं, "सर, मी चार दिवस विचार केला. आम्ल सगळ्यांना तेच होतं. दहा चारच्या ठिकाणी तेरा आलं, म्हणजे सोड्याचं द्रावण बरोबर सव्वापट झालं होतं. चार भाग द्रावणात कुणीतरी एक भाग पाणी घातलं. दोन लिटर असेल तर अर्धा लिटर." आणि कागद टेबलावर ठेवला.

अर्धा लिटर! मी भिंतीशी उभा होतो. ज्या मोजपात्रानं मी पाणी घेतलं ते तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि तिनं एका काचेच्या नळीवरून मी किती पाणी ओतलं ते काढलं होतं. थेंबाचाही फरक नाही. कौतुकानं ऊर भरून यावा असं काम होतं ते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

प्राचार्यांनी चष्म्यातून वर बघितलं. "मामा, तुम्ही पाणी घातलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

तिनं माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत तिला अंदाज होता, खात्री नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिची खात्री झाली असावी. मला वाटलं आता ओरडेल, बोट दाखवेल. तिनं मान खाली घातली. माझी लाज तिला वाटली. त्यानंतर तिला काय काय विचारलं, पण ती "मला एवढंच सांगायचं होतं" याच्या पुढे काही बोलली नाही. प्राचार्यांनी निकाल दिला. आकडे बनवून लिहिल्याबद्दल त्या वर्षीची परीक्षा रद्द, पुढच्या वर्षी पुन्हा बसावं. दुसऱ्या शहरातली जागा गेली.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो, देवाशपथ. रस्ताभर वाक्य घोकत होतो. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र. तिची आई कपडे शिवायची. मी गेलो तेव्हा बाई कापडावर टेप लावून खूण करत होत्या. एकदा मोजलं, खूण केली, टेप उचलली, पुन्हा मोजलं, मगच कात्री लावली. मुलीचा हात कुठून आला ते तिथं कळलं.

मी कॉलेजातला मामा म्हटल्यावर बाईंनी कात्री खाली ठेवली, स्टूल पदरानं पुसून दिलं. "या ना, भाऊ. ती तुमचं फार सांगते." मुलगी घरात नव्हती, कुठेतरी शिकवणीची मुलं घ्यायला लागली होती. बाईंनी चहा टाकला. मग माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं तिथं आहात. तुम्हीच सांगा, माझी पोरगी असं खोटं लिहील का हो?"

"नाही हो वहिनी. कधीच नाही," मी म्हणालो.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही एवढं म्हणालात, बास झालं. कॉलेजातून दुसरं कुणी आलं नाही बघा. तिचे मित्रमैत्रिणीसुद्धा नाहीत. तुम्हीच एक आलात." आणि कपबशी माझ्या हातात दिली. आता या बाईला काय सांगू? ज्याला तुम्ही चहा देताय त्यानंच तुमच्या पोरीचं वर्ष बुडवलं, असं सांगू? चहा प्यायलो. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन पुन्हा आभार मानले. माझ्या जन्मात कुणी माझे इतके मनापासून आभार मानले नव्हते, आणि मी त्या लायकीचा नव्हतो. घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "काय झालं? चेहरा असा का उतरलाय?" म्हटलं, "काही नाही, चालून दमलो."

पुढचं वर्षभर मी कुणाला आकडा सांगितला नाही. पोरं म्हणाली, मामा बदलले, मामांना काय झालंय. काही जणांनी बोलणं सोडलं. सोडू देत. मला वाटायचं, थेंबेबाई पुन्हा परीक्षेला बसेल तेव्हा तरी सगळं नीट करून ठेवायचं. तिला तिचं प्रामाणिक मोजमाप प्रामाणिक द्रावणात करू द्यायचं. झालेलं परत मिळणार नाही, पण एवढं तरी माझ्या हातात आहे, असं समजून चाललो होतो.

परीक्षा आली. मी दहा लिटर द्रावण केलं, गरजेच्या दुप्पट. चार वेळा तपासलं. चारही वेळा अकरा पाच. दोन दिवस बाटलीला कुणाला हात लावू दिला नाही. ती दुपारच्या तुकडीत होती, तिच्याहून लहान पोरांमध्ये. थोडी रोड झाली होती. मला बघून "काय मामा, बरे आहात ना?" म्हणाली. रागानं नव्हे, इतर पोरं म्हणतात तसं. मी म्हटलं, "बरा आहे."

आकडा मी सांगितला नव्हता, पण त्यानं काय होतंय? दोघातिघांनी खरंच मोजलं आणि पाच मिनिटांत आकडा खोलीभर फिरला. इतक्या वर्षांची सवय एकट्या मामानं थांबत नाही. मी तिच्याकडे बघत होतो. तिनं ब्युरेट खंगाळली, वरच्या खुणेपर्यंत भरली, बुडबुडा काढला, सगळं पूर्वीसारखंच. फ्लास्क खाली ठेवला. आणि मग शेजारच्या मुलाच्या कागदाकडे बघून लिहिलं. अकरा सहा, अकरा पाच, अकरा पाच.

मी फडकं घेऊन तिच्याजवळ गेलो. हळूच म्हणालो, "बाळ, या वेळी द्रावण अगदी बरोबर आहे. मी चारदा तपासलंय. तू मोज."

"असेल, मामा."

"मग मोज ना. तुझंही तेच येईल."

"आणि वेगळं आलं तर?"

"नाही येणार."

"आलंच तर कुणाचं धरतील?" ती म्हणाली. उत्तराची वाट बघितली नाही, ते तिला माहीत होतं. तिनं ब्युरेटची तोटी उघडली. फ्लास्क बाजूला सरकवला आणि द्रावण सरळ खालच्या टाकाऊ पाण्याच्या कुंडीत सोडलं, मोकळ्या धारेनं. शेवटी तोटी आवळत आणली, एक थेंब, अर्धा थेंब, आणि बरोबर अकरा पाचच्या रेघेवर थांबवली. म्हणजे येऊन कुणी नळी बघितली तर वाटावं, मोजलंय.

मला बोलायचं होतं. माझी चूक होती, तुझं बरोबर होतं, मी सगळ्यांसमोर जाऊन सांगतो, चल. वर्षभर पाठ केलेलं सगळं होतं. पण ती हात पुसून, कागद समोर नीट ठेवून बसली होती, आणि तिला त्यातलं काही नको होतं. माझ्याकडून तिला काहीच नको होतं.

परीक्षक आले, या वेळी दुसरे कुणीतरी. त्यांनी नळी बघितली, कागद बघितला, मान डोलावली. "सुरेख काम," म्हणाले. पैकीच्या पैकी दिले. ती "थँक यू, सर" म्हणाली, दप्तर उचललं आणि गेली. जाताना दारात मला "येते, मामा" म्हणाली.

सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. समाधानानं म्हणाले, "बघा मामा, सुधारली पोरगी."

"हो, सर," मी म्हणालो.